बाहुल्या विकायला बी.कॉम. कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी डिचोलीची, वय 22, नुकतीच बी.कॉम. झालेली. म्हापशातल्या एका खेळण्यांच्या दुकानातून तिला बोलावणं आलंय, पगार महिना 13 हजार. तिला लहान मुलं आवडतात. आई म्हणते, "बाहुल्या विकायला बी.कॉम. कशाला केलंस?" मैत्रीण म्हणते, "दिवसभर खेळायचं आणि वर पगार घ्यायचा, आणखी काय पाहिजे?" तर या कामात मजा किती, त्रास किती, आणि ही नोकरी घ्यावी का?

बाय, तुला सरळ 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझी भाची तुझ्याच वयाची आहे. मी 2006 च्या जूनमध्ये मडगावच्या एका दुमजली खेळण्यांच्या दुकानात लागले. तिथे सात वर्षं काढली आणि मग जावेबरोबर फोंड्यात स्वतःचं लहानसं दुकान घातलं. म्हणजे काउंटरच्या मागे उभं राहून वीस वर्षं होत आली. पगारी नोकर म्हणूनही पाहिलंय आणि आता पगार देणारी म्हणूनही पाहतेय.

मजा किती आणि त्रास किती, हे तराजूत घालून सांगता येणार नाही. मला तुझ्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दिसतात. एक, मुलं आवडतात एवढ्या भांडवलावर हे काम निभेल का? दुसरा, दोन वर्षांनी माझ्या हाती काय असेल? पहिल्याचं उत्तर मी आत्ताच देते: निभणार नाही. मुलं आवडत असतील तर उत्तमच, पण आमच्या दुकानात मूल हे गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाईक असतं ते त्याला घेऊन आलेलं, किंवा घरी ठेवून आलेलं, मोठं माणूस. खिशात हात तेच घालतं. त्या माणसाच्या मनात काय चाललंय हे दोन मिनिटांत ओळखायचं, हे खरं काम. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुकानावर आणि मालकावर अवलंबून आहे, त्याकडे नंतर येते.

आधी दिवस कसा जातो ते ऐक. साडेनऊला शटर वर. पहिला तास फडकं आणि ब्रश. खेळण्यांच्या खोक्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असते ना, तिच्यावर धूळ बसली की महागातली बाहुलीसुद्धा जुनाट दिसते. मग माल. खेळण्याचं खोकं वजनाला हलकं, पण आकाराने अवाढव्य असतं. माळ्यावरच्या गोदामात शिडी लावून चढायचं, एका हाताने कठडा धरायचा, दुसऱ्या हाताने छातीएवढं खोकं उतरवायचं. कटरने टेप कापायची, बिलाशी नग जुळवायचे, किमतीचे स्टिकर लावायचे, रॅक भरायचे. हे सगळं चालू असताना गिऱ्हाईक आलं की हातातलं टाकून हसत समोर जायचं. खेळायला मिळतं का? मिळतं. डेमोची गाडी दिवसातून वीस वेळा चालवायची आणि तिचं तेच गाणं वीस वेळा ऐकायचं. मडगावच्या दुकानात एक नाचणारं माकड होतं. नोकरी सोडून बारा वर्षं झाली, ते गाणं अजून डोक्यातून गेलेलं नाही.

गोव्यातल्या जुन्या दुकानांची एक गोष्ट तुला माहीत असेलच, पण नोकरीच्या बाजूने तू तिचा विचार केला नसशील. दुपारी एक वाजता शटर खाली, ते साडेतीन-चारला वर. मालक घरी जाऊन जेवून झोपतो. म्हापशातच राहणारी मुलगीही घरी जाते. तू डिचोलीची. त्या तीन तासांत बसने घरी जाऊन परत येणं परवडत नाही, आणि बाजारात तीन तास बसायला जागा नाही. माझ्याबरोबरची केप्याची मुलगी रोज दुपारी देवळाच्या मंडपात बसून डबा खायची. शेवटी तिने दोन तासांची शिवणकामाची शिकवणी धरली आणि वर्षभरात आमच्यापेक्षा जास्त कमवायला लागली, तो भाग वेगळा. मॉलमधल्या दुकानात दुपारची सुट्टी नसते. तिथे पाळ्या असतात, पण रात्रीची पाळी साडेनऊपर्यंत जाते. तेव्हा पगार विचारण्याआधी वेळ विचार, आणि तुझ्या गावाला जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते तेही बघ. शनिवारी संध्याकाळी गर्दी असली की मालक "दहा मिनिटं थांब गो" म्हणतो आणि त्या दहा मिनिटांत बस जाते.

आता मोठ्या माणसांकडे येते. आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारं गिऱ्हाईक म्हणजे वाढदिवसाला निघालेली मावशी. सातला केक कापायचा असतो, ती पावणेसातला दुकानात शिरते. "सहा वर्षांचा मुलगा आहे, तीनशेपर्यंत काहीतरी दे." या 'काहीतरी'त आमचं सगळं कसब. नवी मुलगी गाड्यांचा रॅक दाखवते. मावशी गोंधळते, शेवटी सगळ्यात मोठं खोकं उचलते आणि ते खेळणं आठवड्यात माळ्यावर जातं. मी तीन गोष्टी विचारते. घरात आणखी भावंडं आहेत का? मुलगा एका जागी बसतो की धावतो? आणि त्याच्या घरी खेळायला अंगण आहे की फ्लॅट? फ्लॅटमध्ये धावणाऱ्या मुलाला फुटबॉल दिलास तर त्याची आई तुला शिव्या घालणार. भावंडं असतील तर एकट्याने खेळायचं कोडं देऊ नकोस, दोघांनी खेळायचा पटावरचा खेळ दे. ही मावशी पुढच्या वर्षी परत येते आणि थेट तुझ्याकडेच येते. गिफ्टचा कागद तीन मिनिटांत, चिकटपट्टी न दिसता लावायला शिक. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण डिसेंबरात त्या एका हातोटीवर तुझी किंमत ठरते.

एक माणूस मी विसरणार नाही. बोटीवर कामाला होता, सुट्टीवर आला होता. गोव्यात असे बाप घरोघरी. विमानतळावरून घरी जायच्या आधी दुकानात आला. मुलगा किती वर्षांचा विचारलं, तर म्हणाला चार. आणि हातात घेतलं ते दोरीने ओढत न्यायचं लाकडी बदक. ते दीड-दोन वर्षांच्या मुलाचं खेळणं. मी म्हटलं, "फोटो आहे का बाळाचा?" त्याने मोबाइल काढला. फोटोत मुलगा आधाराची चाकं लावलेल्या सायकलवर बसला होता. बाप तो फोटो माझ्याआधी स्वतःच बराच वेळ बघत राहिला. वय त्याने बरोबर सांगितलं होतं, पण मनातला मुलगा तो शेवटचा निघाला होता तेवढाच होता. मग आम्ही दोघांनी बसून ठोकळ्यांचा मोठा संच निवडला, बापाला आणि मुलाला मिळून जमिनीवर बसून लावता येईल असा. बदकही त्याने घेतलंच. मी अडवलं नाही.

असे दिवस असतात. रोज नसतात.

आता रडणारं मूल. दर रविवारी, आणि बंद असलो तर दर शनिवारी, एखादं जमिनीवर आडवं पडतंच. मुलं आवडणाऱ्या नव्या मुली इथेच चुकतात, मीही चुकले. पहिल्याच वर्षी एक पोरगी गाडीसाठी आकांत करत होती. मी तिला गप्प करायला एक लहानशी बाहुली हातात दिली. ती गप्प झाली, पण बाहुली सोडेना. तिच्या आईने पर्स उघडली, सुटे पैसे मोजले, बाहुली घेतली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी आली, बाहुली पिशवीत. "परत घ्याल काय? काल बसचे पैसेही उरले नाहीत, चालत गेलो." मालकाने परत घेतली नाही, फोडलेलं खोकं कोण घेणार म्हणाला. मी पगारातून तिचे पैसे दिले, पण मुद्दा पैशांचा नव्हता. त्या बाईने मुलीला "नाही" म्हणायचं ठरवलं होतं आणि मी मध्ये पडून तिची पंचाईत केली होती. तेव्हापासून रडणाऱ्या मुलाला मी काही देत नाही. आईकडे बघते. तिने मान हलवली तर ती वस्तू शांतपणे रॅकवर परत ठेवते आणि दुसरीकडे जाते. बघणारं कुणी उरलं नाही की रडणं लवकर सरतं.

आता तुझ्या आईच्या "बाहुल्या विकायला बी.कॉम. कशाला" या वाक्याला उत्तर. या कामात जाणकारी लागते, आणि ती नसली तर मुलाच्या जिवाशी खेळ होतो. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. चिन्हाच्या जवळ परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो. त्याच सुमारास आयात शुल्कही वाढलं, 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70. आमचे रॅक त्या काळात अक्षरशः बदलले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटकडच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून जो स्वस्त चिनी माल पोत्यांनी यायचा तो आटला, भारतीय कंपन्यांचा माल वाढला. फनस्कूलचा तर कारखानाच गोव्यात आहे. किमती चढल्या आणि गिऱ्हाईक आमच्यावर चिडलं. "जत्रेत हेंच शंभराक मेळटा, तूं तीनशें कित्याक घेता?" हे वाक्य तुला आठवड्यातून दहा वेळा ऐकावं लागेल.

त्याचं उत्तर मी भांडून देत नाही. दोन्ही खेळणी हातात घेऊन उलटी करते आणि बॅटरीचं झाकण दाखवते. चांगल्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद असतं, पेचकसाशिवाय उघडत नाही. फेरीवाल्याकडच्या दिव्याच्या भोवऱ्याचं झाकण नखाने उघडतं, आणि आत असते बटणासारखी चपटी बॅटरी. ती मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ इस्पितळ गाठायचं, हे मी प्रत्येक आईला सांगते, विक्री झाली नाही तरी. तीच गोष्ट ताकदवान लहान लोहचुंबकांची. एकापेक्षा जास्त पोटात गेले तर आतड्याच्या दोन घड्या एकमेकींना चिकटवून ठेवतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी आणखी एक माप लक्षात ठेव. तपासणीत जी नळी वापरतात तिचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो, तो या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. खोक्यावर 0 ते 3 च्या आकड्यावर काट मारलेलं चिन्ह असतं ते याचसाठी. "माझा हुशार आहे हो, तोंडात घालत नाही" असं म्हणणारी आजी रोज भेटेल. मी म्हणते, "तुमचा नाही घालणार, पण पाहुण्यांचा रांगता येईल त्याचं काय?" आजीला हे पटतं.

गोव्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा की पुठ्ठ्याची खोकी पापडासारखी नरम होतात, कडा फुगतात. बॅटरीच्या खाचेतल्या स्प्रिंगा हिरव्या पडतात. कापसाची अस्वलं वास मारायला लागतात, आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी आली की तो माल मेला. आम्ही मऊ खेळणी मे महिन्यातच कमी मागवतो, जी असतात ती मोठ्या प्लॅस्टिक पिशव्यांत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून बंद करतो, आणि दर आठवड्याला काढून पंख्याखाली ठेवतो. हे काम कुणाचं? तुझं. गिऱ्हाईक नाही, बाहेर धोधो पाऊस, वीज गेलेली, आणि तू चाळीस अस्वलं ओळीने मांडून वारा घालतेस. जुलैमधल्या अशा दुपारी पुष्कळ मुली नोकरी सोडतात. सोडणाऱ्यांना मी दोष देत नाही.

वर्षाचा चढउतार असा. चतुर्थीला घराघरातले पैसे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या माटोळीला, फटाक्यांना, कपड्यांना जातात, खेळण्यांकडे कुणी बघत नाही. दिवाळीच्या आधी नरकासुराच्या मुखवट्यांसारखा किरकोळ माल. मग डिसेंबर. ओल्ड गोव्याच्या 3 तारखेच्या सेंट झेवियरच्या फेस्तापासून जी गर्दी सुरू होते ती नव्या वर्षापर्यंत. त्या महिन्यात रविवारची सुट्टी विसर, दुपारची झोपही विसर. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही उभ्या उभ्या केळी खातो. जानेवारीच्या आसपास म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा, आमच्या बाजूला मंगेशी, कवळे, म्हार्दोळच्या. त्या दिवसांत दुकान ओस, सगळे रोषणाईखालच्या फेरीत, म्हणजे जत्रेतल्या दुकानांत. पण आठवडाभराने तेच लोक येतात, हातात जत्रेत घेतलेलं मोडकं हेलिकॉप्टर. "हें मातशें बरें करून दी गो." तिथून घेतलं, दुरुस्तीला इथे! मी करून देते. पैसे घेत नाही. ते लोक पुढे वर्षभर माझेच. एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली भाचरं, बॅडमिंटनची रॅकेट, समुद्रावरची बादली-फावडी. की परत पाऊस.

दुरुस्तीवरून सांगते, एक लहान पेचकसाचा संच स्वतःचा घे. "काल घेतलं, आज चालत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बॅटरी उलटी घातलेली असते, नाहीतर जुनी आणि नवी एकत्र घातलेली असते. उरलेल्यांत स्प्रिंग गंजलेली असते, ती पॉलिश पेपरने घासली की गाडी पळते. रिमोट आणि गाडी एकमेकांना ओळखत नसतील तर दोन्ही बंद करून सांगितलेल्या क्रमाने चालू करायची. हे गिऱ्हाईकासमोर, हसत, त्याला मूर्ख न ठरवता करायचं. बाप लोकांना बॅटरी उलटी घातली हे मुलासमोर सांगितलेलं आवडत नाही. मी म्हणते, "या कंपनीच्या खुणा नीट दिसतच नाहीत."

एक गिऱ्हाईक तुला अपेक्षित नसेल: मोठी माणसं, जी स्वतःसाठी घेतात. हॉट व्हील्सच्या छोट्या गाड्या 1968 पासून निघतात. त्यांचे संग्राहक म्हणजे तिशीतले बँकेतले साहेब आणि कॉलेजची पोरं. काही खोक्यांत 'ट्रेझर हंट' नावाची दुर्मीळ गाडी येते, छापील किंमत नेहमीचीच, पण बाहेर ती कितीतरी पटीने विकली जाते. हे लोक खोकं कधी उघडणार ते विचारायला फोन करतात, तुझ्याशी मैत्री करतात, आणि मग हळूच शंभराची नोट पुढे करतात: "आधी मला दाखव." घेऊ नकोस. बातमी तासाभरात सगळ्यांना कळते, आणि मग खोक्यातून काहीही नाहीसं झालं की बोट तुझ्याकडे. मी नियम केलाय. खोकं सगळ्यांसमोर दुकानात उघडायचं, एकाला दोन गाड्या, लहान मूल रांगेत असेल तर ते पहिलं. साहेब लोक तोंड वाकडं करतात, मूल असलं की गप्प बसतात. रुबिक क्यूबवाली मुलंही अशीच. ती तुला शिकवतील, कोणता क्यूब पटकन फिरतो आणि कोणता अडकतो. त्यांच्याकडून शिकायला लाजू नकोस, मला तर बारा वर्षांच्या पोराने शिकवलं.

एक रॅक मी हौसेने ठेवते, सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी फळांचा. खपतो कमी. मुलं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण साठीच्या बायका रंगवलेला आंबा हातात घेतात आणि नकळत नाकाला लावतात. धंद्याच्या हिशेबात तो रॅक तोट्यात आहे, जाऊ मला दर मार्चमध्ये हे ऐकवते.

आता हिशेब, कारण तू बी.कॉम. आहेस आणि दोन वर्षांनी हाती काय हा तुझा प्रश्न इथेच सुटतो. विकणारी मुलगी म्हणून पगार फार चढत नाही, हे मी खोटं सांगणार नाही. चढतो तो खरेदी ज्याला कळते त्याचा. 22 सप्टेंबर 2025 पासून साध्या खेळण्यांवर जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवर मात्र 18 आहे. एकाच बिलात दोन दर, परत आलेल्या मालाची नोंद, जुन्या साठ्यावरची छापील किंमत. हे नीट सांभाळणारं माणूस लहान दुकानांना मिळत नाही. माझ्याकडची एक मुलगी विक्रीला लागली होती, आज आमची सगळी खरेदी तिच्या हाती आहे. कोणता माल आठ महिने पडून आहे, कोणता दोन आठवड्यांत संपतो, हे तिला पाठ. तिला दुसरीकडे जास्त पगारावर बोलावणं आलं तेव्हा मी मुकाट्याने पगार वाढवला. तेव्हा मालकाला पहिल्याच भेटीत विचार, "सहा महिन्यांनी मला खरेदीच्या नोंदी बघायला मिळतील का?" तो नाही म्हणाला तर तिथे वर्षभरापेक्षा जास्त राहू नकोस.

आणखी काही गोष्टी आधीच बोलून घे, नंतर बोलणं जड जातं. माल हरवला तर पैसे कोणाच्या पगारातून? माझ्या पहिल्या नोकरीत दर महिन्याला "तूट" म्हणून आम्हा चौघींच्या पगारातून कापायचे, नोंद दाखवायचे नाहीत. दोन वर्षांनी कळलं, की मालकाचा पुतण्याच मित्रांना फुकट वाटत होता. कापलेलं काही परत मिळालं नाही. म्हणून विचार, आणि जमलं तर कागदावर घे. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, डिसेंबरमध्ये बुडालेल्या सुट्ट्यांचं काय, हे विचार. किमान वेतन गोव्यात दुकानातल्या कामालाही लागू आहे. त्याचा चालू दर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून बघून 13 हजार त्यात बसतात का ते तपास. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी भविष्य निर्वाह निधी लागू होतो. लहान दुकानात तो नसेल, मग तेवढी बचत तुलाच करायची आहे.

आणि पाय. दिवसाचे आठ तास उभं राहणं. माझ्या पोटरीच्या शिरा पस्तिशीतच फुगल्या, कारण आमच्या जुन्या दुकानात बसलेली मुलगी म्हणजे आळशी मुलगी असा हिशेब होता. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय देणं कायद्यातच घातलं. त्यासाठी कायदा लागावा याचंच मला नवल वाटतं. चपला चांगल्या घे, पहिल्या पगारात आधी त्याच.

हे सगळं कशावर बदलतं, तर दुकान कुठे आहे त्यावर. कळंगुट-बागाच्या बाजूला असतं तर अर्धं गिऱ्हाईक पर्यटक, ते परत येत नाहीत, तिथे ओळखी वाढवून काही होत नाही. तुझं म्हापशातलं. ते बाजारात असेल तर शुक्रवारी आठवडी बाजाराला पेडण्यापासून बार्देशच्या टोकापर्यंतची माणसं येतात, बाजारहाट झाल्यावर उरलेल्या पैशांत मुलाला काहीतरी नेतात. तिथे शंभर-दीडशेच्या खेळण्याची पारख हवी. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो की माणूस ठेवलाय, दुकानात आणखी कुणी बाई आहे का, हेही बघ. म्हापसा हे नाव सोडलं तर यातलं तुझ्या प्रश्नात काहीच नव्हतं, म्हणून मी "घे" किंवा "नको" असं एका शब्दात सांगू शकत नाही.

पण अंदाज विचारशील तर मी म्हणेन घे, एका अटीवर: एक पावसाळा आणि एक डिसेंबर, दोन्ही काढ. फक्त डिसेंबर पाहिलास तर वाटेल हा धंदा म्हणजे जत्रा. फक्त जुलै पाहिलास तर वाटेल जन्मठेप. दोन्ही पाहिल्यावर तुझं तुलाच कळेल, आणि तोवर खरेदीची वही उघडली असेल तर आईला सांगायलाही काही असेल.

हो म्हणण्याआधी एवढं कर. या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जा. भाचीला काहीतरी हवं म्हण. अर्धा तास रेंगाळ. मुली एकमेकींशी कशा बोलतात, मालक त्यांना कशी हाक मारतो, पडलेलं खोकं कोण उचलतं, ते बघ. आणि काउंटरच्या मागे वाकून बघ, तिथे स्टूल आहे का.